पिठाच्या डब्यातली पॅडलं

मर्डो,

मी सायकलने तळ्याची फेरी मारायला गेले आहे, पूर्ण चाळीस मैलांची. पॅडलं सापडली. ओटच्या पिठात लपवलीस, पण या घरात रोज सकाळी पॉरिज कोण करतं ते विसरलास.

मार्चमध्ये गुरं अडवायला रस्त्यात बसवलेल्या लोखंडी जाळीवर चाक घसरून मनगट मोडलं, हे कबूल. आता तिथे उतरून चालत जाईन. हाड जुळलं, असं डॉक्टरीणबाई तुझ्यासमोरच म्हणाल्या. "तुझं वय काय, नाद काय!" हे तू कालपासून चारदा ऐकवलंस. वय बाहत्तर, आणि नाद तूच लावलास.

कोंबड्यांना दाणे घातलेत. सूप चुलीवर आहे, वरून मीठ घेऊ नकोस.

या वेळी फेरी उलटी घेते आहे, म्हणजे चारच्या सुमारास समोरच्या काठाने येईन. मेंढ्या बघायची दुर्बीण खिडकीत ठेवली आहे. माझी लाल टोपी दिसेल. साडेचारपर्यंत दिसली नाही, तरच शेजारच्या हेक्टरला गाडी घेऊन पाठव. त्याआधी पाठवलंस तर बघ.

छातीचं ऑपरेशन झाल्यापासून तू अंगणाबाहेर गेलेला नाहीस. डॉक्टरीणबाईंनी तुलाही बाहेर पडायला मोकळीक दिलीय, तेही मी ऐकलं. तुझ्या सायकलीत हवा भरली आहे. तळ्याची फेरी नको, रस्त्याच्या फाटकापर्यंत ये. वाट सपाट आहे. मी पाचला तिथे पोचेन, आणि तू येईपर्यंत घराकडे वळणार नाही, पाऊस आला तरी.

मला अक्षरं तूच शिकवलीस, तेव्हा वाचता आलं नाही म्हणू नकोस.

इशबेल