धरायचं विसरलेले हात

१ जानेवारी १९७४, मंगळवार

भोसरीत पोचले. एसटीनं वाटभर हाडं मोजली, एकही कमी भरलं नाही. नातू ज्योतीराम न्यायला आला होता. कंपनीचे निळे कपडे घालून असा चालतो, की कंपनी त्याच्याच सासऱ्याची. नातसून कस्तुराला सातवा महिना. बाळंतपण आटोपूनच गावी परतायचं, असं ठरवून आलेय.

कंपनीनं कामगारांना डायऱ्या वाटल्या. ज्योतीरामला लिहायला वेळ नाही, मला लिहिता येत नाही. म्हणून मी सांगायचं आणि कस्तुरानं लिहायचं. मी न्हाई म्हणते, ती नाही लिहिते. सातवी पास बाईशी कोण भांडणार?

पत्र्याच्या दहा खोल्या एका ओळीत. मागं कुंपण, कुंपणापलीकडं प्रेसचं शेड. तिथलं मशीन पत्रा ठोकतं, धाड. चार अंक मोजावेत एवढी उसंत, की पुन्हा धाड. फळीवरचे डबे नाचतात. मी म्हटलं, बरं झालं, घरात घड्याळ नको.

५ जानेवारी

चाळीस वर्षं लेकरं न्हाऊ घालतेय, हे ओळीत कळायला चार दिवस लागले. शेजारच्या चिमाबाईचं वीस दिवसांचं पोर आज माझ्या पायांवर आलं. आणखी दोन घरांतून सांगावा आहे. तेल, डाळीचं पीठ, ऊन पाणी. चेपून डोकं गोल करायचं, नाक चिमटून सरळ करायचं. देव माणूस कच्चाच पाठवतो, पुढचं काम आमच्यासारखींवर सोडतो.

टोकाच्या खोलीतले उद्धवराव मास्तर शाळेत शिकवतात. ते सांगत होते, माणसाला पूर्वी शेपटी होती. कामाची राहिली नाही, म्हणून गेली. माणूस अजून पुरा झालेला नाही, पुढंही बदलत जाईल, पण त्याला लाखो वर्षं लागतील. मी विचारलं, मास्तर, तुमची कधी गेली? त्यांची बायको पदर तोंडाला लावून हसली. मास्तरही हसले. भला माणूस.

१२ जानेवारी

चिमाबाईचं पोर रडत नाही. गुणी आहे, असं ती सगळ्यांना सांगते.

आज न्हाऊन झाल्यावर मी त्याच्या तळव्यात बोट ठेवलं. तान्हं पोर बोट धरतंच, ते कुणी शिकवावं लागत नाही. मेलेल्या आईचंही बोट धरलेलं पोर मी पाहिलंय. ह्यानं धरलं नाही. हात झटकन छातीशी ओढून घेतला. थोड्या वेळानं हात पुढं आला, पुन्हा मागं. पुढं, मागं.

थंडी असेल.

२४ जानेवारी

थंडी नाही. ओळीत सहा तान्ही आहेत. सहाही घरी जाऊन बोट दिलं. एकानंही धरलं नाही.

ज्योतीरामला त्याचं काम विचारलं. त्यानं जेवता जेवता करून दाखवलं. हात आत, पत्रा ठेव, हात बाहेर, पायानं पायडल दाब, धाड. आठ तास. हात आत राहिला तर बोटं गेली. चिमाबाईच्या नवऱ्याची तशीच दोन गेली. मशीनला आधी जाळी होती, हात बाहेर आल्याशिवाय ती मशीन चालू द्यायची नाही. काम मंदावतं म्हणून सुपरवायझर मालोजीनं ती काढून ठेवली.

काढून ठेवली. हे तो वरणाला मीठ कमी आहे असं सांगावं तसं सांगतो. मी ताट सारलं. माझ्या हातावर वाढलेल्या पोराची, तुझी बोटं आहेत ती, तुझ्या मालोजीच्या बापाची नाहीत, असं बोलले. कस्तुरा, हेही लिही.

७ फेब्रुवारी, गुरुवार

गुरुवारी वीज बंद, शेड बंद. डबे गप्प.

उन्हात अंगणात सहाही पोरं दुपट्यांवर निजवली होती. सहा उजवे हात एकदम पुढं आले. एकदम मागं गेले. मी मोजलं. एक, दोन, तीन, चार. पुन्हा.

मास्तरांना ओढून आणलं, दाखवलं. ते म्हणाले, बापाचं तुटलेलं बोट पोरात उतरत नसतं, असं एका पिढीत होत नाही. मी म्हटलं, मी तुमचं पुस्तक वाचलेलं नाही, हे पोर वाचलंय. मास्तर हसले नाहीत. बायकोला माहेरी पोचवून येतो म्हणाले.

१६ फेब्रुवारी

मालोजी पेढे घेऊन आला. प्रत्येक पोराच्या तळव्याला बोट लावून पाहिलं, प्रत्येकानं हात ओढून घेतला. ह्याचा चेहरा घरचंच लग्न ठरल्यासारखा. चिमाबाईला म्हणाला,

“वैनी, ह्या पोराची बोटं कधी जायची नाहीत. जाळीची कटकटच मिटली.”

तीही हसली. आईच हसली.

दोन तासांत बसली असती ती जाळी. दोन तास मशीन थांबायला नको, म्हणून माणसाचा वंश बदलायचा? ह्या पोरांनी आईचा पदर कशानं धरायचा? बुडताना कुणाचा हात धरायचा? मी पेढे गटारात टाकले. मालोजीला जे बोलले ते कस्तुरा लिहीत नाही, तिला लाज वाटते.

२५ फेब्रुवारी

बाकीच्या मशीनच्या जाळ्याही काढल्या. धाड आता लवकर येते. तीन अंकांत.

पोरांचे हातही तीन अंकांत.

आज ज्योतीरामच्या हाती चहाची कपबशी दिली. हात पुढं आला, मागं गेला. कपबशी फुटली. तो तुकड्यांकडं बघत राहिला. कस्तुरा म्हणते, दोन महिने झाले, ह्यांनी माझा हात धरला नाही. मला आता सांगते. मला आता.

६ मार्च

गावी चल म्हटलं. एक तारखेला पर्मनंट होणार, रजा नाही, असं ज्योतीराम सांगतो. मग तू मर इथं, मी हिला नेते — असं म्हणाले. नातवाला म्हणाले. शब्द परत घेणार नाही.

११ मार्च

एसटीच्या रांगेतच कळा लागल्या. दवाखाना. मुलगी झाली. डॉक्टरीण म्हणते, सगळं ठीक, दहा बोटं. बोटं काय मला मोजता येत नाहीत?

मी तळव्यात बोट ठेवलं नाही. हिंमत नाही.

१३ मार्च

पुन्हा खोलीत. गाडीच्या प्रवासाला डॉक्टरीण नाही म्हणते. मुलगी दुपट्यात घट्ट गुंडाळून ठेवलीय. हात दिसत नाहीत.

ती रडते. रड बाई. रड.

१४ मार्च, गुरुवार

आज शेड बंद आहे. आज न्हाऊ घालायचं, आज बघायचं. कस्तुरा बाजेवर बसून लिहितेय, मी खाली पाय लांब करून. मी बोलेन तसं लिही, थांबू नको. उद्या कुणी म्हणेल म्हातारीला भास झाला.

पोर पायांवर. शेजारी घंगाळ, पाण्याला वाफ. डावा हात मानेखाली. उजव्याचं बोट देते —

धरलं.

कस्तुरा, धरलं गं. घट्ट. सोडत नाही, बघ, ओढलं तरी सोडत नाही. माणसाची आहे. मालोजीला बोलवा, दाखवते —

हे काय.

माझा हात मागं येतोय. मी ओढत नाही. ती धरून आहे आणि माझाच — दोन महिने त्या पोरांचे हात बघितले, माझे नाही —

एक, दोन, ती — मानेखालचाही —

कस्तुरा, वही टाक. घे तिला. पाणी ऊन आहे. ती घंगाळाकडं घसरतेय, मला धरता ये