तळ्याकाठचा टँगो आणि आवाजाचा डबा

तीर्थस्वरूप साइमीताईस धाकट्या एन्सिओचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? गोस्तादाजींचा खोकला थांबला का, की अजून चर्चमधल्या ऑर्गनला साथ देतोय? इकडे तळ्यावरचा बर्फ गेला, डास आले, म्हणजे सगळं क्षेमकुशल आहे. माझी पाठ मात्र गेली. डॉक्टरीणबाईंनी जुना ऑर्गन उचलायची बंदी केली (‘इतकी वर्षं उचलायला सांगितला कुणी होता?’ असं तू म्हणणार, म्हण), म्हणून आता मी हलका कीबोर्ड आणि लॅपटॉप घेऊन नाचमंडपात जातो. ताई, त्या लॅपटॉपात पियानो आहे, अकॉर्डियन आहे, चाळीस व्हायोलिनवाले आहेत, आणि चाळिसांतला एकही प्यायलेला नसतो! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. पण हे सगळं आत असतं नुसत्या आकड्यांत. ते बाहेर काढून स्पीकरला द्यायला मधे एक डबा लागतो. त्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात, आणि तो निवडण्यात मी माती खाल्ली.

दुकानात छोटे डबे होते, मोठे होते. मी सगळ्यात मोठा उचलला. का? दिवे! समोर आठ भोकं आणि प्रत्येकावर हिरवा-तांबडा दिवा. मी टोपी काढली (खरंच काढली, दुकानदार साक्षीला आहे). आमचा ड्रमवाला सुलो बघून म्हणाला, ‘अरे येड्या, ही आठही भोकं आवाज आत घ्यायची आहेत. तुझा आवाज आतच आहे, तुला तो बाहेर काढायचाय.’ मी म्हटलं, तू दिवे तर बघ.

पहिल्याच शनिवारी पट्टी दाबली की आवाज जरा मागून यायला लागला. मी आवाजाची वाट पाहायचो, सुलो माझी, आणि नाचणारे सुलोची. टँगो हळू होत होत शेवटी जोड्या जवळपास उभ्याच राहिल्या. पण आपली माणसं! कुणी तक्रार केली नाही. दोघीतिघी तर जाताना ‘आज अगदी मनापासून वाजवलंत’ असं सांगून गेल्या. फक्त मंडप चालवणाऱ्या राइलीबाई आल्या आणि म्हणाल्या, ‘एन्सिओ, पुन्हा घोळ झाला तर युहानुसच्या उन्हाळी सणापासून इथे मशीन गाणी वाजवेल. तू आणि सुलो घरी बसून रेडिओ ऐका.’ अगं ताई, हा मंडप गेला तर शनिवारी मी जाऊ कुठे? बाकी आठवडाभर माझ्याशी बोलतं कोण?

लॅपटॉपमधला एक आकडा कमी केला, उशीर गेला. पुढच्या शनिवारी बायकांची फेरी आली, म्हणजे त्यांनी पुरुषांना नाचायला बोलवायचं. राइलीबाई स्वतः उतरल्या, आणि बोलावलं कुणाला, तर ओइवाला! (हो, तोच वखारीतला, बायको गेल्यापासून कुत्र्याशीसुद्धा नुसत्या मानेनं बोलणारा.) पहिलं गाणं झकास झालं. दुसऱ्याची पहिली पट्टी दाबली आणि काहीच नाही. डब्याचे सगळे दिवे विझलेले. वायरीचं भोक ढिलं! आता तुला आठवतंय ना, की स्वीडनला जाऊन विसरलीस? एका जोडीला दोन गाणी. दुसरं होईपर्यंत हात सोडायचा नाही, जागा सोडायची नाही. मी टेबलाखाली उताणा, आणि वर अख्खा मंडप हातात हात धरून उभा, गप्प. कुणी डाससुद्धा मारला नाही, कारण हात मोकळा होता कुणाचा? मी खालून डोकं काढलं आणि वायर विसरलो. इतकं सुंदर काही मी त्या स्टेजवरून कधी पाहिलं नव्हतं, कारण दर वेळी मीच ते वाजवून बुडवत होतो. खरं सांगतो, डोळे भरून आले. मग सुलोनं लाथ घातली. डाव्या हातानं वायर दाबून धरली आणि उजव्यानं दुसरा टँगो कसाबसा पार पाडला.

सोमवारी जाऊन छोटा डबा आणला. बाहेर जायला दोन भोकं, दिवा एक, बास. वायर ओढली, झटकली, सुलोनं वर कॉफी सांडली, तरी ढिम्म हलत नाही. आणि पट्टीला बोट लागतं न लागतं तोच आवाज! मी एकच सूर कितीतरी वेळ दाबत बसलो होतो, देवाशपथ. तेव्हा काळजी नसावी, मंडप वाचला. दाजींना नमस्कार, गुडघ्याला जप.

तुझा,
एन्सिओ

ता. क. – पाकीट चिकटवतोय तोच राइलीबाई डबा बघायला आल्या. मी छाती काढून म्हटलं, ‘हा जन्मात बंद पडायचा नाही.’ त्यांचं तोंड एवढंसं झालं. मग लाल होऊन म्हणाल्या, ‘त्या शांततेत ओइवा बोलला रे. म्हणाला, राइली, मी बरेच दिवस विचार करतोय की... आणि तेवढ्यात मेल्या, तू वाजवायला लागलास!’ गाण्यात तो पावलं मोजतो, आणि दोन्ही गाणी झाली की त्यांना जागेवर पोचवून चालू पडतो. मी म्हटलं, मग मधे नुसता थांबतो की! तर म्हणतात, ‘सगळ्यांना कळेल. खरंच बंद पडलं पाहिजे.’ युहानुसला बायकांच्या फेरीत आवाज गेला नाही, तर मंडपात मशीन येणार म्हणजे येणार.

ता. ता. क. – मोठा डबा मी कालच दाजींना भेट म्हणून पार्सलनं धाडलाय. उलट टपाली परत पाठव. आणि दाजींनी हौसेनं वायरीचं भोक घट्ट केलंच असेल, तर ताई, तुझ्या पाया पडतो, पुन्हा ढिलं कर.