ओमाहा बरं आहे म्हणतात

६ जानेवारी, मंगळवार

श्रीने ऑफिसातून येऊन बूट काढता काढता सांगितलं, "ओमाहा." मी कुकरपाशी होते. आधी वाटलं कुणा नव्या माणसाचं नाव असेल.

सिलिकॉन ओएसिस या इथल्या आयटी पार्कातलं त्याचं ऑफिस उन्हाळ्याआधी बंद होणार, हे दिवाळीपासून कानावर होतंच. आता पक्कं झालं. मोजक्या लोकांना अमेरिकेत हेड ऑफिसला घेणार आहेत, त्यात हा. बाकीचे खलास. सईची दहावी मार्चमध्ये संपते, म्हणजे एप्रिलमध्ये निघायचं. जानेवारीअखेर होकार कळवायचा. "होकार" म्हणाला. "उत्तर" नाही म्हणाला.

मी म्हटलं, "बरं." भात लागला थोडा.

७ जाने.

नकाशात पाहिलं. अमेरिकेच्या अगदी पोटात आहे. समुद्र कुठल्याच बाजूला नाही.

इथून, शारजाहून, पुणं म्हणजे विमानाने तीन तास. बाबा कोथरूडला एकटे. गेल्या मार्चमध्ये बाथरूममध्ये पडले, दुपारी शेजाऱ्यांचा फोन आला आणि रात्री मी त्यांच्या कॉटशेजारी बसले होते. तिथून दोन विमानं बदला, दीड दिवस घाला. दीड दिवसात माणसाचं काय काय होऊन जातं.

एवढं एकच डोक्यात आलं. मग भेंडी चिरली. बाबांना काही सांगितलेलं नाही.

९ जाने., शुक्रवार

घोळ घातला.

इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सहज टाकलं, "ओमाहात कुणी ओळखीचं आहे का? राहायला कसं आहे?" दहा मिनिटांत विमानांचे आणि पेढ्यांचे इमोजी. अभिनंदन, अभिनंदन, मिस यू, फॉर गुड का?

एकोणीस वर्षं इथे काढून मला हे सुचू नये! इथे लोक ऑफर पोटात ठेवतात. व्हिसाचा शिक्का बसेपर्यंत दारासमोरच्या शेजाऱ्याला पत्ता लागू देत नाहीत, आणि मग एकदम एअरपोर्टवरचा फोटो टाकतात. त्यामुळे कुणी उघड विचारलं म्हणजे सामान बांधून झालं, असाच अर्थ होतो. मी फक्त विचारत होते, हे आता कुणाला पटवू?

श्री वैतागला. "निदान मला आधी विचारायचंस."
"तुला काय विचारणार? तू कुठे राहिलायस तिथे?"
मेसेज काढून टाकावा म्हटलं, पण तोवर सगळ्यांनी वाचला होता. राहू दिला.

११ जाने.

मतं यायला लागली.

केतकी म्हणून एक आहे, ग्रुपमधल्या कुणाची तरी मावसबहीण. सहा वर्षं ओमाहात. व्हॉइस नोट पाठवली, आवाज गोड आहे. "खूप छान आहे गं. शांत. घरं केवढी मोठी! मुलांसाठी तर बेस्ट. वीस मिनिटांत गावात कुठेही पोचतो." मागून तिचा नवरा बोललेला ऐकू आला, "आणि पोचून करायचं काय तेही सांग." नोट तिथेच संपली.

देशपांडेकाकांचा मोठा मेसेज. काका आमच्या मंडळाचे जुने अध्यक्ष, रिटायर होऊन पुण्याला गेले तरी ग्रुप सोडलेला नाही. मुलगा तिथे असतो. लिहितात: "चार महिने राहिलो. हवा शुद्ध, माणसं सज्जन, फक्त दिसत नाहीत. एकदा सकाळी चालायला निघालो, तर पोलिसाने गाडी थांबवून विचारलं, सर, आर यू ओके? मी चालतोय म्हणजे माझं काहीतरी बिघडलंय असं वाटलं त्याला. देऊळ उत्तम आहे. एकंदरीत बरं आहे."

सई नेटवरची मतं वाचून दाखवत होती. कुणी लिहितं, स्वर्ग आहे. कुणी लिहितं, पळा. "ममा, लिसन टू धिस. 'इट्स फाइन.' दॅट्स द होल रिव्ह्यू. फोर स्टार्स."

मला तो माणूस आवडला.

१४ जाने.

संक्रांत. बाबांचा रोजच्या वेळेला फोन. तिळगूळ खाल्ला का, सईचा अभ्यास कसा आहे, थंडी आहे का तिकडे. आज सांगायचं ठरवलं होतं. त्यांनी त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या गळतीचं काढलं आणि मी ऐकत राहिले. गळतीचं सगळं ऐकलं. माझं राहिलं.

१७ जाने., शनिवार

प्रज्ञाकडे हळदीकुंकू. आमच्याच बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर. तिचा डब्यांचा व्यवसाय आहे, घरात कायम फोडणीचा वास. मी दारात चप्पल काढतेय तोच, "ये ये, ओमाहावाली."

कुंकू लावता लावता म्हणाली, "तुझी घरघंटी मला हं. दुसऱ्या कुणाला कबूल केलीस तर बोलणार नाही तुझ्याशी." मी म्हटलं, हो. मग एकीने सोफ्याचं विचारलं, कव्हर धुता येतं का. येतं. घेईन मी. हो. कपाट. हो. इडलीचा मोठा स्टँड, बाल्कनीतला कढीपत्ता, सईचं स्टडी टेबल. सगळ्यांना हो. इथे हे असंच चालतं, जाणाऱ्याचं घर राहणाऱ्यांत वाटलं जातं. आम्हीही असंच घेतलंय, तो सोफासुद्धा नैरोबीला गेलेल्या कुलकर्ण्यांचा. त्यात वाईट कुणाचंच नाही. पण मी जाणार आहे असं मी अजून म्हटलेलंच नाही, हे वाक्य तोंडापर्यंत आलं आणि तिथेच बसलं. नाही म्हणायला जो जोर लागतो तो माझ्यापाशी सध्या नाही.

वाण म्हणून सगळ्यांना स्टीलचे डबे. मला केशराची डबी. "तुला वजनाचं बघावं लागेल ना," प्रज्ञा म्हणाली. प्रेमानेच म्हणाली.

१९ जाने.

घरघंटी गेली. प्र.चा ड्रायव्हर ट्रॉली घेऊन आला. प्र. म्हणाली, "तीनशे दिरहम देते, म्हणजे सात हजार रुपये झाले बघ, तिकडे कामाला येतील." मी म्हटलं, नको, राहू दे. तरी टेबलावर ठेवून गेली.

स्वयंपाकघरात तिच्या जागी फरशीचा एक स्वच्छ चौकोन राहिलाय.

सई शाळेतून आली, बघत उभी राहिली. "ममा, हॅव वी इव्हन डिसायडेड?"
"तुझ्या बाबाला विचार."
"ही सेज आस्क यू."

संध्याकाळी पिठाचं तयार पाकीट आणलं. पोळ्या चिवट झाल्या.

२१ जाने., बुध.

क्लिनिकमध्ये माझ्या इन्शुरन्सच्या डेस्कवर दिवसभर अप्रूव्हल, रिजेक्शन, अप्रूव्हल. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "वैदेही, यू आर लीव्हिंग अस?" यांनाही कळलं. मी इन्शाल्ला म्हणाले, देवाची इच्छा असेल तसं. इथे या एका शब्दावर कितीही दिवस काढता येतात.

केतकीची दुसरी नोट. या वेळी मागे कुणी नव्हतं, गाडीत बसून बोलत असावी. "परवा मी फक्त चांगलं चांगलं सांगितलं. खरं सांगू? पहिला हिवाळा मी रडून काढला. दुसरा झोपून. आता सवय झालीये. सवय होणं आणि आवडणं यात काय फरक असतो हे मला विचारू नकोस, मला नाही सांगता येणार. पण मुलं खूष आहेत. खरंच खूष आहेत. माझी आई गेली तेव्हा मात्र मी पोचले नाही." आणि लगेच, "ये तू. मला सोबत होईल."

दोनदा ऐकली. काही वाटलं नाही. म्हणजे वाटायला हवं होतं एवढं कळलं.

२३ जाने.

बाबा फोनवर फार थोडं बोलतात हल्ली. चार-पाच दिवस हेच. सईचं विचारतात, हवेचं विचारतात, ठेवू का म्हणतात. पूर्वी ठेवू का मी म्हणायचे.

२५ जाने., रविवार

लिहिते आहे पण हात जड झालाय.

दुपारी बाबांना मीच फोन केला. म्हटलं, आज सांगून टाकायचंच. "बाबा, एक बोलायचं होतं." ते म्हणाले, "ओमाहाचं ना? देशपांडे भेटतात बागेत. त्यांनी पेढे मागितले माझ्याकडे."

म्हणजे गेले पंधरा दिवस त्यांना माहीत आहे. बागेतल्या बाकावर, परक्या माणसाकडून कळलं. मी इकडे त्यांची गळती ऐकत बसले होते.

म्हटलं, "बाबा, मी सांगणारच होते."
"अगं, त्यात काय. चांगली गोष्ट आहे. मी पण माझ्या बाजूने सोय बघून ठेवली, म्हणजे तुला घोर नको."
"कसली सोय?"
सिंहगड रस्त्याला एक जागा आहे म्हणाले. ज्येष्ठांसाठी. गुरुवारी रिक्षाने एकटेच जाऊन आले. खोली हवेशीर आहे, खिडकीबाहेर शेवगा आहे. एप्रिलपासून घेतो म्हणून सांगून आलेत.

काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "कशी आहे जागा?"

तर म्हणाले, "मी तिथे राहणाऱ्यांना विचारलं ना. ऑफिसातले गोडच बोलणार. एक कर्णिक म्हणून आहेत, ते म्हणाले उत्तम, जेवण गरम मिळतं. एक बाई म्हणाल्या, दिवस जातो, संध्याकाळ जात नाही. तिसरे एक होते, ते म्हणाले सवय होते. एकंदरीत बरं आहे."

फोन ठेवला आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडले. खूप रडले. गेल्या वीस दिवसांत मी जे करतेय तेच त्यांनी केलं, जन्मभर पोस्टात नोकरी केलेल्या माणसासारखं नीट, चौकशी करून. मला राग आला. देशपांड्यांचा, श्रीचा, ग्रुपचा, बाबांचा. सगळ्यात जास्त माझा. मला माझ्या वडिलांना तिथे ठेवायचं नाहीये. हे मी पहिल्यांदा लिहितेय.

२७ जाने., मंगळ.

श्रीला सांगितलं. तो ऐकत राहिला. मग दोन्ही हातांनी तोंड चोळलं.

"मग नाही म्हणू का? सांग. इथे मला आता कोण घेणार? एकावन्नाव्या वर्षी? गोडबोल्याची नोकरी जाऊन चार महिने झाले, अजून सीव्ही पाठवतोय."
"पुण्याला जाऊ."
"पुण्याला काय आहे?"
"बाबा आहेत."
"आणि सईची फी?"

तो चुकीचं बोलत नव्हता, हाच त्रास आहे. घाबरलाय. मला तो घाबरलेला इतक्या वर्षांत दिसला नव्हता, की मी बघितलं नव्हतं?

म्हणाला, बाबांना तिकडे बोलावू, व्हिजिटवर. मी म्हटलं, इथे महिनाभर येतात तर दहाव्या दिवशी परतीचं तिकीट काढून बघायला लागतात. हसला थोडा. मग एकदम, "वैदेही, तुला काय हवंय ते एकदा तरी सरळ बोल."

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा विचारलं. आणि मी काय बोलले, तर "बघू."

२८ जाने.

प्रज्ञा सोफ्याचं माप घ्यायला एकीला घेऊन आली. मी दारातच म्हटलं, "सोफा देणार नाहीये." दोघी थांबल्या. "अगं, पण तू तर..." "माहीत नाही अजून." प्र. चेहऱ्याकडे बघत राहिली, मग तिने त्या बाईला लिफ्टकडे वळवलं. जाताना कानात म्हणाली, "घरघंटी परत पाठवू का?" म्हटलं, राहू दे, तुला रोज लागते.

एक नाही म्हटलं. तेही सोफ्यासाठी.

सई रात्रीच्या जेवणाला म्हणाली, शाळेत कुणीतरी विचारलं, व्हेअर आर यू फ्रॉम, तर ती काही न सुचून "शारजा" म्हणाली. "इज दॅट रॉन्ग?" श्री म्हणाला, नाही. मी पण म्हटलं, नाही.

३० जाने., शुक्रवार

आज कळवायचं. तिकडची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. श्री अर्धा दिवस करून घरी आला. लॅपटॉप उघडा, मेल लिहिलेलं नाही. चहा दोनदा झाला. "तू सांगशील ते लिहितो," म्हणाला. खरंच म्हणाला, टोमणा नव्हता. पण त्याचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता, ते मला दिसत होतं.

तेवढ्यात बाबांचा फोन. त्या जागेतून निरोप आलाय, खोलीसाठी दुसरं कुणी विचारतंय, सोमवारी पक्कं करायला या. मी म्हटलं, "बाबा, करू नका पक्कं."
"का? तुम्ही जाणार ना?"
"तुम्हाला राहायचंय का तिथे?"
पंख्याचा आवाज येत होता त्यांच्याकडचा.
"नाही," म्हणाले. "पण मला कुणी विचारलं नव्हतं. म्हणून मीच ठरवलं."
"मग आत्ता त्यांना फोन करा. नाही म्हणून सांगा."
"सांगतो," म्हणाले. "आधी तू सांग. तुला जायचंय का?"

श्री समोर बसला होता, माझ्याकडे बघत. फोन कानाशी तसाच होता, बाबांनीही ठेवला नव्हता.