चौकड्यांचे हातमोजे

१२ नोव्हेंबर
जमली! चौकड्यांची वीण एकदाची जमली! एक चौकोन उजवीकडे कललेला, दुसरा डावीकडे – थेट ताउनो भूर्जाच्या सालीच्या पाठझोळ्या विणतो तशी.

शेजारचाच तो, शाळेपासूनचा मित्र. नमुना उलटासुलटा करून बघत बसला. "हेल्मी, माझी सालीची पट्टी दुसरीच्या खालून जाते, तुझी जाते कुठे?"

"कुठेच नाही, बाबा! शेजारच्या चौकोनाच्या काठावरून टाके उचलायचे, की नवा चौकोन उभा."

"म्हणजे सगळे शेजाऱ्याच्या जिवावर!"

हसून हसून कॉफी सांडली. हल्ली रोज येतो. मीही विधवा, तोही एकटा. येऊ दे की!

१५ नोव्हेंबर
साली सोलून त्याचे हात पार फुटलेत. गुपचूप हातमोजे विणायला घेतलेत, लाल नि राखाडी.

१९ नोव्हेंबर
अंगठा पुन्हा उसवला. मेला!

२३ नोव्हेंबर
मी मूर्ख! शतमूर्ख!

ताउनो आला तो चर्चला जायचा कोट घालून. गुळगुळीत दाढी. टोपी हातात चुरगाळत म्हणाला, "हेल्मी, मला तुला एक..."

मला कुठला धीर! "थांब, आधी हे घे!" म्हणत हातमोजे त्याच्या हातात कोंबले.

पांढराफटक पडला. "बरं. समजलं," म्हणाला नि गेला. कॉफीसुद्धा न घेता!

मी आपली दारात उभी, याला झालं काय? नणंद आली, तिला सांगितलं, तर ती कपाळावर हात मारून म्हणते, "अगं भवाने! मागणी घालायला आलेल्याला हातमोजे दिलेस?"

हातमोजे दिले म्हणजे नकार – इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक! आणि माझ्या डोक्यात नुसते त्याचे फुटलेले हात. रडू आलं. मला तो हवाय, देवा. हवाच आहे.

२४ नोव्हेंबर
त्याच्या घरी गेले. धुराड्यातून धूर, पण दार उघडेना. बर्फात उभी राहून ओरडले, "ताउनो! अरे, ते नुसतेच हातमोजे आहेत रे!"

आतून कुत्रं तेवढं भुंकलं. गावाने ऐकलं असणार. ऐकू दे.

२६ नोव्हेंबर
सकाळी दारात ताउनो, हातात लोकरीचे दोन गुंडे – लाल नि राखाडी. "उसवले सगळे. आता पायमोजे विण. आणि हेल्मी, मला तुला एक..."

त्याचं वाक्य संपायच्या आत मी "हो" म्हणून बसले!