पाडव्याच्या वाचनातील पाऊस रद्द समजण्याबाबत

प्रति,
मा. विशेष अधिकारी साहेब,
टंचाई शाखा, जिल्हा कचेरी,
लातूर.

अर्जदार : शिवमूर्ती मडिवाळप्पा मठपती, मौजे कोरेहिप्परगा, निलंग्याच्या पुढे, कर्नाटकच्या शिवेलगत.

विषय : अर्जदाराने पाडव्यास सांगितलेला पाऊस मागे घेऊन गावचा पाण्याचा टँकर पूर्ववत सुरू करणेबाबत.

संदर्भ : ‘पाऊस अपेक्षित असल्याने टँकर बंद’ असे तालुक्याहून आलेले पत्र.

महोदय,

१) कारणे अर्ज सादर करतो की, अर्जदार वरील गावचा मठपती असून महादेवाच्या देवळात दर पाडव्यास पंचांग वाचण्याचा मान आमच्या घराण्याकडे आहे. या वाचनाची आमच्याकडे एक रीत आहे. सणाच्या दिवशी, तोंडात कडुलिंब-गूळ असताना, वाईट बोलायचे नाही. पंचांगात अवर्षण छापलेले असले तर मठपतीने पान उलटून पुढचे वाचावे, आणि पुढेही तेच असेल तर मनाने वाचावे. ऐकणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असते. बहात्तरच्या दुष्काळात माझ्या वडिलांनी विहिरी तुडुंब भरतील असे वाचले होते. लोकांनी माना डोलावल्या आणि तिथूनच खडी फोडायला गेले. कुणाचीही फसवणूक झाली नाही.

२) यंदाही मी तसेच वाचले. ‘येत्या आठ दिवसांत मेघराजा दारात उभा राहील’ हे वाक्य मात्र पंचांगातले नाही, माझे आहे. समोर बायालेकरे बसली होती, सगळ्यांची तोंडे सुकलेली. मला राहवले नाही.

३) त्या वेळी गावचे नवे तलाठी श्री. चौगुले देवळात हजर होते. जिल्हा नवा झाल्यापासून त्यांच्या साप्ताहिक अहवालात ‘येत्या आठवड्याचे हवामान’ असा एक रकाना आला आहे. तो कशावरून भरावा हे कुणी सांगितलेले नाही. आधीचे तलाठी भुजंगराव इथलेच, ते त्या रकान्यात फक्त सही करीत. श्री. चौगुले कोल्हापूरकडचे, माणूस भला आणि कामाला चोख. त्यांच्याकडे पावसाचे नाव काढले की पाऊस येतो, असे ऐकून आहे. त्यांनी लिहिले : ‘समाधानकारक पाऊस. विहिरी भरतील. आधार : स्थानिक जाणकार.’ तो जाणकार म्हणजे मी.

४) पत्र आले, टँकर थांबला. गावची विहीर माघातच आटलेली आहे. आता मी रस्त्याने निघालो की बाया वाट अडवतात. कावेरीबाईने तर भर चौकात विचारले, “स्वामी, तुमचा पाऊस कोणत्या घागरीत भरून ठिवू, सांगा की!” माझी सून कमलम्मा हिचे दिवस भरत आले आहेत. ती नदीच्या वाळूत खड्डा करून, त्यात पाझरेल ते वाटीने घागरीत भरते. मी म्हातारा जातो म्हटले तर म्हणते, “मामंजी, तुमाला बघून बाया लई बोलत्यात, तुमी घरीच ऱ्हावा.” साहेब, मला लाज वाटते.

५) मी तालुक्यास गेलो. तेथील कारकुनाने अत्यंत सभ्यपणे समजावले की, अंदाज ज्याने दिला त्यानेच तो त्याच जागी, पंचांसमक्ष बदलला पाहिजे. घरी हे ऐकून माझी पत्नी गौरम्मा म्हणाली, “आवं, सासऱ्यांनी जन्मभर जपली ती जीभ तुम्ही कचेरीपायी इटाळायलाव का?” तरीही सोमवारी मी देवळात बसलो आणि मोठ्याने वाचले : पाऊस नाही. या आठवड्यात नाही, पुढच्या नाही, मृगापर्यंत नाही. पंच म्हणून बोलावलेली दानम्मा म्हातारी पदराने कान झाकून उठून गेली. आमच्या घराण्यात असे आजवर कुणी वाचले नव्हते. त्या दिवशी मी भरल्या ताटावरून तसाच उठलो. हे अर्जात लिहिण्याचे कारण नाही, पण लिहितो.

६) पंचांच्या अंगठ्यांसह हे दुसरे वाचन तालुक्यास हजर केले असता असे कळले की, एकाच जाणकाराचे दोन विरुद्ध अंदाज आल्याने प्रकरण नाजूक झाले आहे, सबब आता अनुभव पाहण्यात येईल. आठवडाभर पाऊस न पडल्यास दुसरा अंदाज मान्य होऊन टँकर सुरू होईल. मात्र शिंतोडा जरी पडला तरी पहिला अंदाज खरा ठरेल आणि टँकर मृगापर्यंत बंद राहील. शिंतोड्याने विहीर भरत नाही, ही अडचण मी मांडली. तसा रकाना नाही, असे उत्तर मिळाले.

७) सबब अर्जदार सध्या रोज महादेवाच्या पिंडीपुढे बसून पाऊस येऊ नये अशी प्रार्थना करीत आहे. पाणी घालायला नाही म्हणून पिंडीवर नुसता बेल ठेवतो, आणि वर हे मागणे. देवाने याचा काय अर्थ घ्यावा हे मला सांगता येत नाही. काल सायंकाळी निलंग्याच्या बाजूने ढग चढून आला. चांगला काळा होता, वाराही सुटला. सगळे गाव पारावर येऊन वर बघत उभे राहिले, पण एकानेही हात जोडले नाहीत. ढग शिवेपलीकडे कर्नाटकात निघून गेला, तेव्हा बायांनी “सुटलो गं बाई!” म्हणून घागरी खाली ठेवल्या. दुष्काळात ढग गेल्याचा आनंद मानणारे गाव मी ह्या वयात प्रथम पाहिले.

तरी मेहेरबान साहेबांनी पाऊस येण्यापूर्वी टँकरचा हुकूम द्यावा, म्हणजे आम्हांस पावसासाठी हात जोडण्यास मोकळीक होईल, ही विनंती.

आपल्या हुकमाची वाट पाहणारा,
शिवमूर्ती मडिवाळप्पा मठपती
मौजे कोरेहिप्परगा
दि. २४ एप्रिल १९८६

सोबत : दुसऱ्या वाचनाचा पंचनामा. (दानम्माचा अंगठा नाही. ती अद्याप माझ्याशी बोलत नाही.)