विरळणी

सोमवार
पोचले एकदाची! शिक्षकांसाठी वनसंवर्धनाचं प्रशिक्षण, मुक्काम शनिवारपर्यंत. लाकडी खोलीत मी आणि दुसऱ्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई. आपण घोरतो हे त्यांनी आल्या आल्याच सांगून टाकलं, तिथेच आमचं जमलं. जंगल अगदी खिडकीला टेकलंय. चिमणीला फोन केला. पोरगी शाळेत जायला लागली तरी आई घरात नसली की जेवताना नखरे. शनिवारी येते, असं कबूल केलंय. सासूबाई म्हणाल्या, घराचं मी बघते, तू तुझी झाडं बघ.

मंगळवार
आज विरळणी शिकलो. दाटीतली झाडं एकमेकांचं ऊन खातात, म्हणून काही काढून टाकायची. वनपाल पुढे, आम्ही रंगाचे डबे घेऊन मागे. काढायच्या झाडावर छातीच्या उंचीला लाल पट्टा ओढायचा. तोड शनिवारी. ओढलेला पट्टा पुसायचा नाही, असं वनपालांनी पुन्हा पुन्हा बजावलं. पुसला तर तो दुसरीकडे उठतो म्हणे. आम्ही खो खो हसलो. ते हसले नाहीत.

माझ्या वाट्याला आलं एक वाकडं, किडकिडीत झाड. पट्टा ओढला खरा, पण जीव तुटला. आजवर मागच्या बाकावरच्या कितीजणांना मी मार्क वाढवून वरच्या वर्गात ढकललंय! बाकीचे पुढे गेल्यावर रॉकेलच्या बोळ्याने पट्टा पुसून टाकला. जा बाळा, पास!

बुधवार
बाईंच्या पांढऱ्या रेनकोटावर, बरोबर छातीशी, लाल पट्टा. त्यांना वाटलं मीच चावटपणा केला. दुपारी मात्र त्यांचं हसू गेलं. मागून करवत ऐकू येते म्हणाल्या, आपण थांबलो की तीही थांबते. मला काहीच ऐकू येत नव्हतं. गुपचूप रेनकोट घासून स्वच्छ केला. बाईंना लगेच बरं वाटलं.

गुरुवार
पट्टा माझ्यावर. कपड्यांवर नाही, कातडीवर. अंघोळ करताना दिसला. आता करवत मला ऐकू येते.

वनपालांना सगळं सांगून टाकलं. ते चिडले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. त्याच झाडावर पट्टा परत ओढा, एवढंच म्हणाले. मी पळत गेले. वाकडं झाड कुठेच नाही. सगळी सरळसोट, जाडजूड. कुणाला ढकलपास केलं मी? दिसेल त्या खोडावर पट्टे ओढले. रंग टिकतच नाही, पाण्यासारखा ओघळून जातो.

शुक्रवार
करवत खिडकीशी आली. सहन होईना. घासून घासून पुसला.

तो कुठेतरी उठणार, हे माहीत असून पुसला. म्हटलं, उठेल कुणा परक्यावर. लाज वाटते लिहायला.

शनिवार, सकाळ
सासूबाईंचा फोन. चिमणीच्या छातीवर लाल पट्टा, साबणाने जात नाही. आणि ती विचारतेय, अंगणात करवत कोण चालवतंय—

ओरडले, पुसू नका! हात लावू नका!

माझी चिमणी. माझ्यामुळे.

शनिवार, नंतर
वनपालांचे पाय धरले. ते म्हणाले, पुसला तरी पट्टा एकच असतो. कुणी आपणहून अंगावर ओढून घेतला तर तिकडचा जातो. मग मान खाली घालून निघून गेले.

डबा उघडला. ओढला.

लगेच वाळला.

फोन. चिमणीचा पट्टा गेला! करवतही गेली म्हणते. जेवायला बसलीय, अजिबात नखरे न करता. सासूबाई विचारत होत्या, किती वाजता पोचशील. मी म्हटलं—

करवत दारात.

थांबली.

दारावर टकटक. बाई दार उघडायला उठल्यात. त्यांना करवत ऐकूच येत नाही. अहो बाई, नको—

चिमणे, मी नसले तरी नीट जेवत जा, आजीला त्रास देऊ नकोस आणि