जोंधळ्याची मूठ

मार्गशीर्ष वद्य तृतीया, सोमवार

जहागीरदारांच्या शिकारीचा आज पाचवा दिवस. माळावरची तितरं संपवून त्यांचे हैदराबादचे पाहुणे आता तळ्यावर आलेत. थंडीनं बोटं आखडलीत, तरी लिहितोय.

तळ्याकाठी लिंगपूजा आटोपली की मूठभर जोंधळा पाण्यात टाकायचा, हा माझा कैक वर्षांचा नेम. हिवाळ्यात येणारी बदकं त्याला सरावलीत. जहागिरीच्या कारकुनानं हे पाहुण्यांना सांगितलं. सकाळी मी मूठ उघडली, बदकं जवळ आली, आणि मागच्या बाभळीआडून बंदुका उडाल्या. आठ मेली. पाण्यावर जोंधळा तसाच तरंगत राहिला.

एक पाहुणा हसत म्हणाला, "वा अप्पा! कल भी दाना डालना."

कारकून म्हणाला, "अप्पा, तुमचा जोंधळा लय गुणाचा हाय की! उद्या आलात न्हाई, तर तुमच्या जमिनीचं काय ते हुजूरच बघतील."

मी जहागीरदारांचं कूळ. मान हलवली. महादेवा, ती का हलली?

त्यांचे हात झडोत. पूजेच्या तोंडानं असं म्हणू नये. म्हटलं.

उद्या जाणार, पण त्यांच्या आधी, तांबडं फुटताच. जमीन जायची तर जाईल. मूठ पाहून बदकं येतीलच. मुठीत जोंधळा नसेल, दगड असतील. एकदा दगड बसला की ती पुन्हा या काठाला येणार नाहीत.

मी असलो तरी.